मेलबर्नच्या जुन्या सबर्बमध्ये घर घेताय? आधी आवार बघा, किचन नंतर

मेलबर्नमध्ये जरा बस्तान बसलं, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हातात आली की आपल्या लोकांपुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे टार्नीट, क्लाइड नॉर्थ अशा नव्या वसाहतीत प्लॉट घेऊन कोरं करकरीत घर बांधायचं, आणि दुसरा म्हणजे ग्लेन वेव्हर्ली, माउंट वेव्हर्ली, व्हीलर्स हिल अशा जुन्या सबर्बमध्ये पन्नास-साठ वर्षं वापरलेलं बैठं घर घ्यायचं. हा लेख दुसऱ्या रस्त्यासाठी आहे. उदाहरणं सगळी मोनॅश काउन्सिलच्या भागातली आणि कायदे व्हिक्टोरियाचे, त्यामुळे सिडनी-ब्रिस्बेनवाल्यांनी कायद्याचा भाग सोडून बाकीचं वाचा.

आधी या भागाचा अंदाज यावा म्हणून थोडं. सिटीपासून साधारण २० किलोमीटर, टेकड्या-उतारांचा भाग. रेल्वे १९३० साली ग्लेन वेव्हर्लीपर्यंत आली तेव्हा इथे फळबागा आणि भाजीपाल्याचे मळे होते, घरांची खरी गर्दी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० ते ७० च्या दशकांत. तेव्हाची घरं म्हणजे ब्रिक व्हेनिअर, बाहेरून एक थर विटांचा आणि आत घर उभं लाकडी सांगाड्यावर. विटा भार घेत नाहीत, नुसता अंगरखा आहे तो. आपल्याकडे वीट दिसली की पक्कं बांधकाम असं डोक्यात बसलेलं असतं, ते इथे चालत नाही. प्लॉट सहसा ६५०-७५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशोबाने सात गुंठ्यांच्या आसपास. पैसे तुम्ही या सात गुंठ्यांचे मोजताय, वरच्या घराचे फार कमी. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली पायरी: आपल्याला घेता येतं का

टेम्पररी व्हिसावर असाल तर इथेच थांबा. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात परदेशी लोकांना, टेम्पररी व्हिसावाले धरून, जुनं म्हणजे आधी वापरलेलं घर घ्यायला बंदी आहे, काही मोजके अपवाद सोडले तर. नंतर काय होईल ते तेव्हा बघा. पीआर आणि सिटिझन यांना अडचण नाही.

मग पैसे. व्हिक्टोरियात ९ लाख ६० हजारांच्या वर आणि २० लाखांपर्यंतच्या घराला पूर्ण किमतीवर ५.५ टक्के स्टॅम्प ड्युटी बसते, म्हणजे १५ लाख डॉलरच्या घराला ८२,५०० डॉलर, आणि ते तुमच्या डिपॉझिटच्या वर हं, त्यात धरून नाही. पहिलं घर असेल तर ६ लाखांपर्यंत ड्युटी माफ आणि साडेसात लाखांपर्यंत सवलत, पण त्या पैशात या भागात घर नाही, युनिट किंवा फ्लॅट मिळेल. पाच टक्के डिपॉझिटवाली केंद्र सरकारची स्कीम ऑक्टोबर २०२५ पासून सगळ्या फर्स्ट होम बायर्सना खुली झाली, उत्पन्नाची अट गेली, पण मेलबर्नला किमतीची मर्यादा साडेनऊ लाख आहे. म्हणजे तीसुद्धा युनिटलाच उपयोगी. हे आधीच लिहितोय कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाच टक्के पाच टक्के ऐकून लोक थेट चार बेडरूमची घरं बघायला सुटतात.

जमत असेल तर त्याच भागात वर्षभर भाड्याने राहा. एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढला की कुठला रस्ता बरा आणि कुठला नको हे आपोआप कळतं.

दुसरी पायरी: घर न बघता नकाशा बघा

शाळेपासून सुरुवात करा कारण या भागातल्या किमती शाळेच्या झोनवर नाचतात. ग्लेन वेव्हर्ली सेकंडरी कॉलेजचा झोन तर इतका प्रसिद्ध आहे की एजंट जाहिरातीत घराच्या आधी शाळेचं नाव लिहितात. एजंटच्या शब्दावर जाऊ नका, 'फाइंड माय स्कूल' नावाची सरकारी साइट आहे, त्यात पत्ता टाका, कुठल्या वर्षासाठी बघताय ते वर्षही निवडा कारण झोनच्या हद्दी बदलू शकतात. मूल आत्ता बालवाडीत असेल तर आठ-नऊ वर्षांनंतरच्या झोनसाठी आज लाखभर डॉलर जास्त मोजायचे का, हा विचार नवरा-बायकोने शांतपणे चहा पीत करावा, ऑक्शनच्या दिवशी नको.

मग 'विकप्लॅन' उघडा, हाही सरकारी नकाशा आहे, फुकट आहे. पत्ता टाकला की त्या जमिनीवर कुठले ओव्हरले, म्हणजे त्या जागेपुरते जादा नियम, आहेत ते दिसतं. स्पेशल बिल्डिंग ओव्हरले दिसला तर समजा जोराच्या पावसात स्टॉर्मवॉटरचं पाणी त्या वाटेने जातं. हा भाग उतारांचा आहे, स्कॉचमन्स क्रीक, डॅम्पर क्रीक असे ओढे घरांमधून वाहतात, आणि जुने बुजवलेले नालेही पावसात आपली वाट विसरत नाहीत. व्हेजिटेशन प्रोटेक्शन ओव्हरले असेल तर मागचं मोठं गमट्री, म्हणजे निलगिरीचं झाड, तुम्हाला मनात आलं म्हणून पाडता येणार नाही.

स्टेशनजवळ बघत असाल तर सबर्बन रेल लूप लक्षात घ्या. चेल्टनहॅम ते बॉक्स हिल अशी भुयारी लाइन होतेय, क्लेटन, मोनॅश, ग्लेन वेव्हर्ली, बरवूड अशी मधली स्टेशनं, २०३५ ला सुरू करायचं लक्ष्य आहे. तोवर बांधकाम, आणि आजूबाजूला उंच इमारती यायची तयारी. काहींना यात लॉटरी दिसते, काहींना डोकेदुखी. मी तरी रोज राहायच्या घरासाठी स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालण्याच्या अंतरावरचा शांत रस्ता घेईन, पुढे काय व्हायचं ते होईल.

तिसरी पायरी: दिशा

इथे आपल्या लोकांची सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा सविस्तर.

दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. मेलबर्नला जून महिन्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर असतो, डिसेंबरात तोच ७५ अंशांच्या वर जातो. याचा अर्थ असा की उत्तरेला मोठ्या खिडक्या असतील तर हिवाळ्यात ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं आणि उन्हाळ्यात छपराची पुढे आलेली वळचण तेच ऊन बाहेर अडवते. दक्षिणेच्या खोल्यांना थंडीत ऊनच नाही, तिथे कपडे वाळत नाहीत आणि भिंतीला बुरशी धरते. पश्चिमेच्या खिडक्या तर जानेवारीत चाळिसाच्या वर पारा गेला की संध्याकाळी सहा वाजता भट्टीसारख्या. म्हणून इथली माणसं परसदार उत्तरेला असलेल्या घरासाठी जास्त पैसे मोजतात, कारण किचन आणि बसायची खोली मागे असते.

आता गंमत बघा, परसदार उत्तरेला म्हणजे पुढचं दार दक्षिणेला. आणि दक्षिणमुखी म्हटलं की पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

यातून मार्ग निघतो. रस्ता उत्तर-दक्षिण धावणारा असेल तर घरांची तोंडं पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात. पूर्वमुखी घर घ्या, पण मग उत्तरेची बाजू म्हणजे घराची लांब कड शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून येते, तिथे मोकळी जागा किती सोडलीय ते बघा. ड्राइव्हवे त्या बाजूला असेल तर उत्तम, तीन-चार मीटर मोकळे मिळतात आणि ऊन आत येतं. आणि शेजारी उत्तरेचं घर जुनं, बैठं असेल तर ते कधीतरी पाडून तिथे दोन मजली जोडघरं उभी राहू शकतात, तेव्हा तुमचं हिवाळ्यातलं ऊन गेलंच समजा. काउन्सिलच्या साइटवर आसपासच्या प्लॉटसाठी कुणी प्लॅनिंग परमिट मागितलंय का ते दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे, करा.

वास्तू मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मानत असाल तर घर शोधायच्या आधी घरच्यांशी बोलून ठरवा, सगळं पसंत पडल्यावर नको. आणि श्रद्धा फक्त आपल्यालाच असतात असं नाही. या भागात चिनी कुटुंबं भरपूर, त्यातले बरेच जण ४ नंबरचं घर टाळतात आणि टी जंक्शनच्या समोरचं पण. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल तर अशा घराला एखादा स्पर्धक कमी मिळू शकतो.

चौथी पायरी: शनिवारचं इन्स्पेक्शन

घर बघायला सहसा शनिवारी अर्धा तास खुलं असतं. दारात एजंट नाव-नंबर लिहून घेतो, आत मेणबत्त्यांचा वास, भाड्याने आणलेलं फर्निचर, ओट्यावर लिंबांची परडी. हे सगळं सोडा आणि आधी बाहेरून घराला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला.

विटांच्या भिंतीत खाली, जमिनीच्या जरा वर, जाळीच्या छोट्या खिडक्या दिसतील. घराखाली हवा खेळावी म्हणून त्या असतात, कारण लाकडी जमीन खालच्या ठोकळ्यांवर, म्हणजे स्टम्प्सवर उभी असते. विकायच्या आधी बाग छान दिसावी म्हणून मालक भिंतीला लागून मातीचे वाफे करतात, वर सालपटांचा थर टाकतात आणि त्या जाळ्या अर्ध्या बुजून जातात. दिसायला सुंदर, पण आत दमट, आणि दमट लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. वाकून बघा. लाज वाटत असेल तर बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने बघा.

भिंतीवर भेगा कशा आहेत? केसासारख्या बारीक असतील तर जाऊ दे, पण विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली आणि करंगळीचं नख जाईल एवढी रुंद भेग असेल तर चिकणमाती कोरडी पडून किंवा फुगून पाया हललाय. जवळ मोठं झाड आहे का बघा, जुन्या भागात सांडपाण्याचे पाइप बऱ्याचदा भाजक्या मातीचे असतात आणि झाडांची मुळं सांध्यांतून आत शिरतात. आत गेल्यावर जमीन पायाखाली दबते का, दारं घासतात का, आणि मीटरबॉक्स उघडून जुने चिनी मातीचे फ्यूज आहेत की सेफ्टी स्विच बसवलेत ते.

अॅस्बेस्टॉस. हे नाव ऐकून पळून जायचं कारण नाही पण माहिती हवी. ऑस्ट्रेलियात त्यावर संपूर्ण बंदी आली ती थेट ३१ डिसेंबर २००३ ला, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या घरांत ते सर्रास वापरलं जायचं, छपराच्या वळचणीचे पत्रे, बाथरूमच्या टाइल्समागचा बोर्ड, लॉन्ड्री, मागची शेड. न छेडता ठेवलं तर सहसा धोका नाही. धोका आहे तो हौशीने ड्रिल मारण्यात आणि बाथरूम स्वतः फोडण्यात, त्यामुळे दुरुस्तीच्या खर्चात तपासणी आणि लायसन्सवाल्याकडून काढून घेणं धरा.

आता किचन. आपल्या दृष्टीने एकच प्रश्न महत्त्वाचा, चिमणीची हवा खरंच बाहेर जाते का? बऱ्याच घरांत रेंजहूड नुसती जाळीतून हवा गाळून परत खोलीतच सोडतो. एका लसणाच्या फोडणीत घरभर वास आणि स्मोक अलार्मची बोंब. वरच्या कपाटाचं दार उघडून पाइप भिंतीतून किंवा छपरातून गेलाय का बघा. टॉयलेट बहुतेक जुन्या घरांत बाथरूमपेक्षा वेगळं असतं, आपल्याला ते सोयीचंच. त्यात जेट स्प्रे बसवायचा असेल तर लायसन्सवाला प्लंबरच लागतो, घाण पाणी उलटं लाइनमध्ये जाऊ नये म्हणून बॅकफ्लो डिव्हाइस लावावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानातून आणून स्वतः जोडायची वस्तू नाही ती. वायरिंगचंही तेच, स्वतः हात घालणं कायद्याने बंद.

परसात गोल फिरणारी कपडे वाळत घालायची दोरी, हिल्स हॉइस्ट, अजून उभी असेल तर ती काढायची घाई करू नका. आणि लिंबाचं झाड बहुतेक असतंच.

घर खरंच आवडलं तर परत एकदा जा, पण वेगळ्या वेळेला. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला रस्त्यावर गाड्या किती, शाळा सुटताना काय हाल, स्प्रिंगवेल रोडचा आवाज परसात येतो का. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

पाचवी पायरी: कागद

इथे सातबारा नाही, टायटल असतं, आणि विकणाऱ्याने कायद्याने द्यायचं निवेदन असतं ज्याला सगळे सेक्शन ३२ म्हणतात. ते एजंटकडून मागून घ्या आणि सही करायच्या आधी कन्व्हेअन्सरला, म्हणजे घराच्या व्यवहाराचे कागद बघणाऱ्याला, किंवा वकिलाला दाखवा. एजंट पैसे विकणाऱ्याकडून घेतो हे कधी विसरू नका, कितीही गोड बोलला तरी.

त्यात तुम्ही स्वतःही तीन गोष्टी शोधा. पहिली इझमेंट, म्हणजे परसातून गेलेली ड्रेनेज किंवा सुएजची पट्टी, प्लॅनवर तुटक रेघांनी दाखवलेली. त्यावर परवानगीशिवाय बांधता येत नाही. दुसरी कोव्हेनंट. या भागात जुन्या ले-आउटच्या वेळी घातलेल्या अटी काही टायटल्सवर अजून आहेत, प्लॉटवर एकच घर, तेही विटांचंच वगैरे. पुढे मागे दोन घरं बांधू असा विचार असेल तर इथेच पाणी पडतं. तिसरी, मागच्या सात वर्षांतली बिल्डिंग परमिट्स. डोळ्यांना नवी कोरी पर्गोला दिसतेय, गॅरेजची खोली केलेली दिसतेय आणि यादीत काहीच नाही, तर विचारा कधी बांधलं आणि परमिट कुठेय. विनापरवाना बांधकाम घराबरोबर तुमच्या गळ्यात येतं. स्विमिंग पूल असेल तर त्याची काउन्सिलकडे नोंदणी आणि कुंपणाचं सर्टिफिकेट बघा.

आईबाबा सहा-सहा महिने येणार असतील तर ही माहिती कामाची: व्हिक्टोरियात ६० चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुसरं घर परसात बांधायला ३०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर बहुतेक वेळा प्लॅनिंग परमिट लागत नाही. बिल्डिंग परमिट मात्र लागतं, आणि ओव्हरले असेल तर नियम वेगळे.

बिल्डिंग आणि पेस्ट इन्स्पेक्शन, म्हणजे बांधकामाची आणि वाळवी-किडीची तपासणी, करूनच घ्या, आणि ऑक्शन असेल तर ऑक्शनच्या आधी. का ते पुढे येतंच.

सहावी पायरी: ऑक्शन

फुटपाथवर पन्नास माणसं, शेजारीपाजारी फुकट तमाशा बघायला आलेले, आणि सूटबूट घातलेला ऑक्शनिअर. काही गोष्टी आधी पाठ करा. ऑक्शनमध्ये घेतलं तर कूलिंग ऑफ, म्हणजे सही केल्यावर मन बदलायची मुदत, नाही. हातोडा पडला की घर तुमचं, त्याच दिवशी सही आणि सहसा दहा टक्के डिपॉझिट. 'लोन मंजूर झालं तर' अशी अट घालता येत नाही. साध्या खासगी विक्रीत तीन कामाचे दिवस मन बदलायला मिळतात, त्यासाठी १०० डॉलर किंवा किमतीचे ०.२ टक्के, जे जास्त असेल ते सोडावे लागतात. पण जाहीर ऑक्शनच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन कामाच्या दिवसांत सही केली तर तीही सोय नाही.

एजंटने स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन द्यावंच लागतं, त्यात अंदाजे किंमत आणि तुलनेला तीन विकली गेलेली घरं असतात. किमतीपेक्षा ती तीन घरं नीट बघा, उतारावरचं, मेन रोडवरचं किंवा झोनबाहेरचं घर तुलनेला घेतलंय का. तुमचा वरचा आकडा या कागदावर नाही, तुम्ही स्वतः दोन-तीन महिने त्याच चार रस्त्यांवरची ऑक्शनं उभं राहून बघितलीत त्यावर ठरवा, आणि घरून लिहून न्या.

ऑक्शनिअर मधेच विकणाऱ्याच्या वतीने बोली लावतो, ती व्हेंडर बिड आहे असं त्याने जाहीर सांगायला हवं. 'ऑन द मार्केट' म्हणाला की रिझर्व्ह, म्हणजे विकणाऱ्याने मनात धरलेली किमान किंमत, गाठली, आता खरं विकलं जाणार. रिझर्व्हपर्यंत नाही पोचलं तर घर पास इन होतं, म्हणजे न विकता राहतं, आणि सगळ्यात वरची बोली ज्याची त्याला आधी बोलायचा मान मिळतो, म्हणून बोलीची गाडी थांबत आल्यासारखी वाटली तर वरची बोली आपली असणं फायद्याचं. आत नेऊन खोलीत बसवतात तेव्हा घासाघीस करा, भीड बाळगू नका, लक्ष्मी रोडवर शंभर रुपयांसाठी करतो की आपण.

सातवी पायरी: किल्ली मिळाल्यावर

कॉन्ट्रॅक्टवर सही झाली त्या दिवसापासून इन्शुरन्स घ्या. सेटलमेंटच्या, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात घ्यायच्या, आधीच्या सात दिवसांत घर परत बघायचा हक्क असतो, तो वापरा, हीटर, गरम पाणी, डिशवॉशर सगळं चालू करून बघा. आत राहायला गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात माळ्यावरचं इन्सुलेशन आणि दारं-खिडक्यांच्या फटी यांचं काम आधी करा, नवीन टाइल्स पुढच्या वर्षी. जुन्या घरात डक्टेड हीटिंग कितीही लावा, फटीतून पैसे उडून जातात.

घरासमोरची गवताची पट्टी, नेचर स्ट्रिप, मालकीची काउन्सिलची पण गवत कापायचं तुम्ही. तिच्यावर गाडी लावलीत तर दंड. लॉनमोवर सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ च्या आधी नाही, शनिवार-रविवारी ९ च्या आधी नाही, आणि रात्री ८ नंतर कधीच नाही, ड्रिललाही तेच. कुकरच्या शिट्ट्यांवर अजून काही नियम नाही.

छपरात रात्री कुणीतरी बूट घालून पळतंय असं वाटलं तर ते पॉसम. संरक्षित प्राणी आहे, पकडून लांब नेऊन सोडणं बेकायदा. तो बाहेर गेलेला असताना भोक बुजवायचं. वसंताच्या सुमारास, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी डोक्यावर झडप घालतात, मुलांना सायकलवर हेल्मेट आणि तो रस्ता काही दिवस टाळा. कढीपत्ता कुंडीतच लावा आणि थंडीत उत्तरेच्या उन्हातल्या भिंतीला टेकवून ठेवा, जमिनीत लावलेला पहिल्याच कडक थंडीत दगावायची शक्यता जास्त. तुळस सरळ घरात घ्या. दिवाळीत पणत्या, आकाशकंदील, फुलबाज्या खुशाल, बाकीचे फटाके मात्र व्हिक्टोरियात सामान्य माणसाला बंद आहेत.

कुंपण पडायला आलं असेल तर शेजाऱ्याकडे आधी चिवड्याचा डबा घेऊन जा, नोटीस नंतर. कायदा असा की साध्या पुरेशा कुंपणाचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायचा, तुम्हाला उंच आणि भारी हवं असेल तर वरचा खर्च तुमचा. दोन कोटेशन्स घ्या, लेखी फेन्सिंग नोटीस द्या, आणि उत्तर आल्याशिवाय जुनं कुंपण पाडू नका. पटलंच नाही तर डिस्प्यूट सेटलमेंट सेंटर फुकट मध्यस्थी करतं.